वाकड्या दाताची खूण

बातमी आली तेव्हा माझा हात कुत्र्याच्या तोंडात होता. महिन्याची पहिली तारीख म्हणजे जंतांची गोळी द्यायचा दिवस. बंड्याला गॅरेजच्या पायरीशी बसवलं होतं, डाव्या हातानं वरचा ओठ दातांवर दाबून जबडा उघडला होता आणि उजव्या हाताची बोटं जिभेच्या पार मागं गोळी ठेवत होती. तेवढ्यात माझी सून मीनल दारात आली. फोन हातात होता, पण कानाला नव्हता. म्हणाली, "बाबा, अप्पा गेले..." अप्पा म्हणजे तिचे वडील, सबनीस डॉक्टर, माझे व्याही. मी हात काढला नाही. गोळी मागं सरकवली, तोंड मिटून धरलं, गळ्यावरनं बोटं फिरवत राहिलो, आणि घोट खाली गेल्याचं बोटांना कळल्यावर उठलो. मीनल बघतच राहिली. तिला वाटलं असणार, म्हाताऱ्याला काळीज नाही. काळीज आहे. पण डॉक्टरच शिकवून गेले होते, "पैलवान, एकदा तोंड उघडलं की गोळी पोटात गेल्याशिवाय सोडायचं नाही. घराला आग लागली तरी नाही." त्यांच्या हयातीत मी त्यांचं फारसं ऐकलं नाही. त्या दिवशी ऐकलं. मग ती आत गेल्यावर कोपऱ्यातलं बर्फाचं फावडं उचललं आणि रिसायकलिंगचा निळा डबा फुटेपर्यंत हाणला. शेजारचा गोरा बाहेर आला, बघितलं, आणि आत जाऊन दार लावून बसला. मरणाला मान नसते ही मरणाची हुशारी आहे. असती तर माझ्या हातातनं सुटलं नसतं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. कऱ्हाडजवळच्या गावात तालमीत वाढलो, जत्रांत कुस्त्या मारल्या, पुढं साखर कारखान्यात पोती उचलली. दोन्ही कान मोडलेले आहेत आणि त्याची मला लाज नाही, ते कमावलेले आहेत. मुलगा शिकला, इथं परदेशात आला, बायको गेल्यावर मलाही घेऊन आला. मिल्टनला घर आहे, सगळी घरं एकसारखी, अजून मी एखाद्या वेळी भलत्याच्या दारात जाऊन उभा राहतो. हे सगळं मी वहीच्या कागदावर लिहितो आणि मीनल टाइप करते. तिला बजावून ठेवलंय की एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही. पेपरच्या पुरवणीत छापताना गेलेल्या माणसाला लोक देव करून टाकतात. डॉक्टर देव नव्हते. तापट होते, शिवराळ होते, भांडण शेजारच्या गल्लीत असलं तरी चालत जाऊन त्यात पडायचे. त्यांना जसं होते तसंच जाऊ द्यावं.

ते गुरांचे डॉक्टर. तरुणपणी इथं आले तेव्हा त्यांची डिग्री कुणी धरेना, म्हणून विनिपेगकडं कत्तलखान्यात तपासनीस झाले. कित्येक वर्षं रक्तात उभे राहिले. साखळीला उलटी टांगलेली जनावरं समोरनं सरकत जायची आणि हे प्रत्येकाच्या काळजात, फुप्फुसात सुरी घालून रोग बघायचे. घरी आल्यावर आंघोळीचं पाणी गुलाबी व्हायचं असं ते जेवताना सांगायचे, आणि मीनल ओरडायची, "अप्पा, नॉट ॲट द टेबल." पुढं परीक्षा दिल्या, मग खेड्यापाड्यातल्या गोठ्यांत गेले. गोठवून टाकणाऱ्या थंडीत गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेली वासरं ओढली. एका गाईनं लाथेनं बरगड्या मोडल्या, तर मोडक्या बरगड्यांनी आधी वासरू बाहेर काढलं, मग त्या गाईला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, मग दवाखान्यात गेले. असा माणूस. बायको गेल्यावर ते लेकीजवळ म्हणून मिल्टनला काँडो घेऊन राहिले आणि माझं नशीब फुटलं. व्याह्यांनी एकमेकांशी कसं वागावं याची आपल्याकडं रीत आहे. अहो-जाहो करावं, आग्रहानं वाढावं, मनातलं मनात ठेवावं. आम्ही अहो-जाहो तेवढं ठेवलं.

एका वर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्या नातीनं, रेवानं, कुत्र्याचं पिल्लू आणलं. तिनं नाव ठेवलं बँडिट. मी बंड्या म्हणतो, आणि तो बंड्यालाच ओ देतो. मुठीत मावेल एवढं काळं-पांढरं गाठोडं, पोट टम्म. मला आनंद झाला. मी त्याला ताक-भाकरी कुस्करून घातली आणि मागच्या गवतावर सोडायला निघालो, तोच डॉक्टर दारात उभे. बूट काढायच्या आधी आवाज चढला. "पैलवान, तो जमिनीवर पाय ठेवणार नाही. सगळी इंजेक्शनं होईपर्यंत नाही."

"कुत्रं जमिनीवर नाही तर काय माळ्यावर चालणार?"

"पार्व्हो माहितीये का तुम्हाला? आतडं आतून सोलून निघतं. रक्त हगत मरतं पिल्लू. मेलेल्या कुत्र्याची घाण वर्षभर मातीत राहते. हजारभर पिल्लं बघितलीत मी अशी."

"आमच्या तालमीच्या दारात पिढ्यानपिढ्या कुत्री जगली."

"जगली ती तुम्ही बघितली. मेलेली मोजली का?"

यावर मी गप्प बसलो असं कुणी समजू नये. मी पुष्कळ बोललो, ते मीनलनं टाइप केलेलं नाही.

त्या दिवसापासनं डॉक्टर रोज यायचे. दाराशी एक पसरट टब ठेवला, त्यात ब्लीचचं पाणी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बुटाचे तळ त्यात बुडवायचे, अगदी पार्सल देणाऱ्यानंसुद्धा. पिल्लाची शी ते काडीनं उकलून बघायचे, जंत दिसले की लढाई जिंकल्यासारखे मला हाक मारायचे. हिरड्या दाबून बघायचे, दाबल्यावर पांढरं झालेलं किती लवकर गुलाबी होतं ते. नखं कापायचे, कान हुंगायचे. रेवाच्या हातात पिल्लाचा पंजा द्यायचे आणि म्हणायचे, "रोज दाबायचा. मोठा झाल्यावर चावणार नाही." ताक-भाकरी बंद झाली. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, सगळ्याला बंदी. मी एकदा त्यांच्यासमोर मुद्दाम भाकरीचा तुकडा टाकला तर त्यांनी तो पिल्लाच्या तोंडातनं काढून स्वतः खाल्ला. अशा माणसाशी काय भांडणार? तरी भांडलो.

मग संक्रांतीनंतरची पूजा आली. घर घेतल्याला वर्ष झालं म्हणून सत्यनारायण घातला होता. बाहेर बर्फाचं तुफान, हायवे बंद पडायच्या बेतात, तरी माणसं आली. आपली माणसं प्रसादाला कधी चुकत नाहीत. मीनलनं सव्वाच्या मापानं शिरा केला होता, केळं घालून, वर बेदाणे सढळ हातानं. बंड्याला कपडे धुवायच्या खोलीत कोंडलं होतं, पण पोरांनी दार उघडलं आणि तो माणसांत आला. आता प्रसाद म्हटल्यावर कुणाला नाही म्हणायचं नसतं, मुक्या जिवाला तर नाहीच. एकीनं बोटभर दिला. तिचं बघून दुसऱ्यानं दिला. "घे रे बाबा, तुझं पण कल्याण होऊ दे," असं म्हणत कागदी वाट्या खाली धरल्या गेल्या. कुणाच्या मनात पाप नव्हतं. मीही कौतुकानं बघत होतो. बेदाणा म्हणजे वाळलेलं द्राक्षच, हे एवढ्या शिकलेल्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. देवाच्या ताटातलं विषारी असेल असं कुणाच्या मनात येणार?

डॉक्टर बर्फामुळं उशिरा आले. टोपीवर बर्फ, पायात बूट. बंड्या वाटी चाटत होता आणि त्याच्या मिशीला एक बेदाणा चिकटला होता. डॉक्टरांनी तो पाहिला. मी त्या माणसाचे किती राग पाहिले होते, पण त्यांचा चेहरा तसा झालेला कधी पाहिला नव्हता. "कुणी दिलं?" "किती दिलं?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. ते बुटासकट रांगोळी तुडवत आत घुसले, पिल्लाला मानेच्या कातड्याला धरून उचललं आणि ओरडले, "मीनल, वॉशरूममधलं पेरॉक्साइड आण. पळ." जखमेला लावायची ती बाटली. खिशातनं सिरिंज काढली, पिल्लाचा गाल ओढला आणि आत सोडलं. पिल्लू किंचाळायला लागलं. तोंडाला फेस. पाय झाडतंय, आणि डॉक्टरांनी ते गुडघ्याखाली दाबून धरलेलं, परत सिरिंज भरतायत. समोर चौरंग, समया जळतायत, गुरुजींचा हात घंटेवर थांबलेला, रेवा रडतेय, "आजोबा, स्टॉप, यू आर हर्टिंग हिम."

मला काय दिसलं? माझ्या घरात, देवासमोर, एक माणूस वेडा होऊन माझ्या नातीच्या कुत्र्याला मारतोय. मी पाठीमागनं जाऊन त्यांची मान बांधली. ती तालमीत शिकलेली पकड आहे, भले भले त्यात झोपलेत. अजूनही मी त्यात काही चुकलं असं मानत नाही. तसं दिसल्यावर जो बसून राहील तो पुरुष नव्हे. डॉक्टरांचा श्वास घरघरायला लागला, चेहरा जांभळा झाला, पण पिल्लाचा जबडा त्यांनी सोडला नाही. मी आणखी आवळलं. तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या अंगठ्याच्या बुडाशी दात रुतवले. कुत्र्यासारखे चावले. दात हाडाला लागल्याचा आवाज मला आतून आला. मी ओरडलो, हात सुटला, रक्त रांगोळीवर सांडलं, आणि तेवढ्यात बंड्या ओकला.

शिरा आला, केळं आलं, आणि फुगलेले बेदाणे. डॉक्टर गुडघ्यावर बसून बोटानं ते एकेक वेगळे करायला लागले. त्यांच्या ओठावर माझं रक्त होतं. श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाले, "अजून आहेत आत..." आणि परत सिरिंज भरली. मग त्या घोळक्यात कुणाकडंही न बघता सांगितलं, "बेदाण्यानं मूत्रपिंडं जातात कुत्र्याची. रक्तात विष साठतं. लघवी बंद होते आणि तडफडून मरतं." मागं कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "मी तर एकच चमचा दिला हो." पिल्लू दुसऱ्यांदा ओकलं. यावेळी मी त्याचे पाय धरले होते. हे कुणी घरी करू नका, डॉक्टरांनीच पुढं शंभर वेळा सांगितलं, चुकीचं दिलं तर पिल्लू त्यानंच मरतं. त्या दिवशी रस्ता बंद होता म्हणून त्यांनी केलं.

मग रस्ता उघडायला बर्फ काढणारी गाडी आली; ती पुढं आणि आमची मागं, असा माझा मुलगा गाडी चालवत जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. मागच्या सीटवर आम्ही दोघं, मधे टॉवेलात बंड्या. माझा हात उपरण्यात गुंडाळलेला, त्यांच्या गळ्यावर माझी बोटं उमटलेली. तिथल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईनं पिल्लाला सलाईन लावलं आणि मग तिची नजर माझ्या हाताकडं गेली. इथं कुत्रा चावला की सरकारला कळवावं लागतं. तिनं विचारलं, पपी चावला का? माझं इंग्रजी तेवढ्याला पुरतं. मी म्हटलं, "नो. ही." आणि व्याह्यांकडं बोट केलं. बाईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. डॉक्टर तोंड वाकडं करून म्हणाले, "आय ॲम फुल्ली व्हॅक्सिनेटेड." माझा मुलगा तोंड दाबून बाहेर गेला. मी हसलो नाही. त्या दिवशी नाही.

पुढचं सगळं एका प्रश्नावर आलं. मुतला का? विष किती रक्तात गेलं होतं ते कुणाला सांगता येत नव्हतं, पण लघवी झाली म्हणजे मूत्रपिंडं जिवंत. दिवसा आम्ही दोघं त्या दवाखान्यात बाकावर बसायचो, मधे एकाची जागा सोडून. रेवा शाळेतनं फोन करायची, "डिड ही पी?" मुलगा ऑफिसातनं, मीनल कामावरनं, गुरुजींचासुद्धा आला. ज्यांनी प्रसाद दिला होता त्यांचे सगळ्यांचे आले. डॉक्टर आत जाऊन पिल्लाच्या खालचा कागद हातानं दाबून बघायचे आणि कोरडा हात घेऊन परत यायचे. एकदा आले तसे बसले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "पोरीला काय सांगायचं, पैलवान?" तेवढंच. त्या माणसानं आयुष्यभर मरण पाहिलेलं. मी मधली जागा भरून काढली आणि शेजारी जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आतनं आले तेव्हा त्यांच्या पँटवर मांडीपासनं गुडघ्यापर्यंत ओला पट्टा होता. मांडीवर घेतलं होतं, तिथंच सोडलं होतं बंड्यानं. तो म्हातारा ती ओली पँट दाखवत दवाखानाभर फिरला. गोऱ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "अंगठा हलतो का? दाखवा." मी म्हटलं, "हलतो. तुमचा गळा?" "तुमची पकड ढिली झालीय आता." हे खोटं आहे. आठवडाभर त्यांना गरम पाण्याशिवाय काही गिळता येत नव्हतं, मीनलला विचारा.

त्यानंतर आम्ही तिघं फिरायला जायचो. मीठ टाकलेल्या रस्त्यावरनं आलं की कोमट पाण्यानं पंजे धुवायचे, उन्हाळ्यात गवतातनं आलं की गोचिड्या चाचपायच्या, हे सगळं मी करायला लागलो. पटलं म्हणून केलं, सांगितलं म्हणून नाही. एकदा तळ्यामागच्या वाटेवर एका दांडगटाचा सोडलेला कुत्रा आला आणि त्यानं बंड्याची मान धरली. धरली ती सोडेना, नुसता झटके देतोय. मी त्याच्या टाळक्यात लाथा घातल्या, काही उपयोग नाही. डॉक्टर ओरडले, "मागचे पाय, पैलवान. पाय धरून उचला आणि मागं चला." मी कुस्तीत पायाला धरून पट काढतात तसा काढला. कुत्र्याचा तोल गेला, जबडा सुटला, डॉक्टरांनी बंड्याला कोटात घेतलं. तो मालक आला तो आम्हालाच शिव्या देत आला, तुमच्या देशात जा म्हणाला आणि डॉक्टरांना ढकललं. ते बर्फात पडले. पुढं जे झालं त्याला आमच्याकडं धोबीपछाड म्हणतात. पोलीस आले तेव्हा मी त्याच्या छातीवर बसलो होतो आणि डॉक्टर शेजारी उभे राहून त्याला रेबीजच्या लसीबद्दल प्रश्न विचारत होते. त्याला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

या वर्षी त्यांचीच मूत्रपिंडं गेली. कशानं गेली ते विचारू नका, वयानं गेली, साखरेनं गेली. मशीनला जोडून घ्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं. मला कळलं तेव्हा मी हॉस्पिटलात जाऊन त्यांच्या पलंगाचा कठडा धरून असा हलवला की नर्स धावत आली. मी म्हटलं, "कुत्र्याला जगवायला म्हणून माझा हात फाडलात. आणि स्वतःला नको म्हणता? लाज वाटत नाही?" नर्सनं माझ्या दंडाला धरलं. डॉक्टरांनी हातानं तिला थांबवलं.

"बंड्या चार महिन्यांचा होता, पैलवान," ते म्हणाले.

मी कठडा सोडला. त्या वाक्याचा राग अजून जात नाही. थोड्या वेळानं त्यांनी डोळ्यानं पलंगाखाली खूण केली. तिथं लघवीची पिशवी लटकलेली असते. "बघा जरा... मुतला का?" मी वाकून बघितलं. पिशवी कोरडी होती. वर येऊन म्हटलं, "झाली की. चांगली झालीय." ते हसले. पुढचा एक दात त्यांचा वाकडा होता, मोठं हसले की तो बाहेर यायचा. "चौथी शिकलेल्या माणसाला खोटंसुद्धा बोलता येत नाही," म्हणाले. मग डोळे मिटून, "पहिल्या तारखेची गोळी विसरू नका." ही आमची शेवटची भेट.

माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी त्यांचे दात आहेत. वर एक कमान, खाली एक कमान, आणि वरच्या कमानीत एक दात रांग सोडून वाकडा. इथं लोक विचारतात, कुत्रा चावला का? मी सांगतो, नाही, व्याही चावले. काल परत पहिली तारीख होती. बंड्या आता माझ्या मांडीएवढा झालाय, त्याचा जबडा हाड फोडेल असा आहे, पण हात आत असताना दात टेकवून नुसता धरतो, दाबत नाही. रेवानं रोज पंजा दाबून, तोंडात बोट घालून शिकवलेलं ते. मीनल येऊन पायरीवर शेजारी बसली. बाप गेल्या दिवसापासनं ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. गोळी आत सरकवली, तोंड मिटलं, तेव्हा तिनं माझा हात स्वतःकडं वळवून घेतला, बोटानं ती खूण चाचपत गेली आणि एका जागी थांबली. "बाबा, हा वाकडा..." मी म्हटलं, "हं." दुसरा हात बंड्याच्या गळ्यावर होता. तिचं बोट खुणेवर होतं तोवर मी तो हात हलवला नाही. मग बंड्यानं गिळलं.